तारीख लागली, आता पुढं? मराठवाड्यात वाजवून चार पैसे कमवू पाहणाऱ्या नवख्यांसाठी

आमच्या भागात वादकाला फोन आला की समोरचा ‘रामराम’सुद्धा नंतर म्हणतो. आधी विचारतो, ‘मास्तर, तेरा तारीख मोकळी हाय का?’ तुम्ही तबल्यावरचा ‘कायदा’ (बोलांची ठरलेली रचना) किती सफाईनं वाजवता, गुरू कोण, विशारद झालात का, हे विचारणारा माणूस मला २२ वर्षांत दोन-तीनदाच भेटला. वाजवता येतं हे धरूनच चालतात. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, सुरात लावलेलं वाद्य घेऊन तुम्ही उभे राहता का, एवढ्यावर पुढची तारीख लागते.

मी लातूर-अंबाजोगाई पट्ट्यात तबला, पखवाज (सप्ताहात त्यालाच मृदंग म्हणतात) आणि ढोलक वाजवतो. खाली लिहिलंय ते नव्यानं या कामात उतरणाऱ्यांसाठी. हात तयार करायला गुरू लागतो, ते लेख वाचून होत नाही. हात बरा तयार झालाय आणि आता घरून ‘पुढं काय?’ असं विचारायला लागलेत, अशांनी वाचावं.

१. कशाचे वादक होणार, ते आधी बघा

‘मी सगळं वाजवतो’ म्हणणाऱ्याला कोणीच बोलवत नाही. निदान पहिली तीन वर्षं एका कामात नाव होऊ द्या.

मराठवाड्यातल्या वादकाचं खरं पोट सप्ताहावर आहे. अखंड हरिनाम सप्ताह होत नाही असं गाव आमच्याकडं शोधावं लागेल. पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारी गाथा भजन किंवा प्रवचन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री ९ ते ११ कीर्तन आणि त्यानंतर जागर. मृदंग वाजवणाऱ्याला यातल्या काकड्याला, हरिपाठाला आणि कीर्तनाला हजर राहावंच लागतं. कीर्तनात तो बसत नाही. मृदंग गळ्यात अडकवून दोन तास उभा असतो. असे सात दिवस. आठव्या दिवशी काल्याचं कीर्तन, मग महाप्रसाद. पहिल्या सप्ताहानंतर माझी मान इतकी धरली होती की आईनं दोन दिवस वाळूचं पुरचुंडं गरम करून शेकलं.

म्हणून माझं सांगणं असं, की पहिल्या वर्षी मृदंग घेऊन जाऊच नका. टाळकरी म्हणून उभे राहा. मृदंगाचार्यांच्या उजव्या बाजूला जागा मिळाली तर उत्तम, तिथून हात दिसतो. महाराज अभंगाचं चरण उच्चारतात, गायनाचार्य चाल उचलतात, टाळ कसे उठतात आणि मृदंग नेमका कुठं पडतो, हे शंभर वेळा पाहिल्यावरच अंगात भिनतं. त्याहून अवघड गोष्ट म्हणजे थांबणं. महाराज निरूपण करताना तुमची बोटं पुडीवर, म्हणजे वाद्याच्या तोंडावरच्या कातड्यावर, नुसती टेकली तरी माईक ते पकडतो. एका जुन्या मृदंगाचार्यांनी मला पहिल्याच रात्री सगळ्यांसमोर सांगितलं, ‘बाळा, महाराज बोलताना हात खिशात घाल.’ धोतराला खिसा नव्हता. पण कळायचं ते कळलं.

दुसरं मोठं काम भीमगीतांचं. १४ एप्रिलला सुरू झालेली जयंती आमच्या खेड्यांत मे संपेपर्यंत चालते. आज या गावात, परवा त्या गावात. त्याशिवाय १४ जानेवारीचा नामविस्तार दिन आहे, ७ फेब्रुवारीची रमाई जयंती आहे, बुद्ध पौर्णिमा आहे. इथं ढोलक, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, बेंजो असा संच असतो आणि ठेका बहुतेक कव्वालीच्या अंगाचा. दोन पार्ट्यांचा सामना असेल तर पहाटेपर्यंत उसंत नाही. माझ्या मते ढोलकवाल्याचा हात इथंच खरा तयार होतो. चार तास केरवा (आठ मात्रांचा ठेका) धरायचा आणि तो ढिला पडू द्यायचा नाही, ही काही लहान गोष्ट नाही. शास्त्रीय शिकलेली पोरं याला नाकं मुरडतात. त्यातल्या निम्म्यांना अर्ध्या तासात लय राखता येत नाही.

लग्नं, हळदी, ऑर्केस्ट्रा यांत पैसा बरा आणि लक्ष कमी. लोक जेवत असतात, तुम्ही वाजवत असता. मोबाईलवरच्या ट्रॅकबरोबर वाजवायची सवय नसेल तर हे काम घेऊ नका. ट्रॅक तुमच्यासाठी थांबत नाही.

जागरण-गोंधळाबद्दल एकच सांगतो. संबळ शिकायला कोणाची ना नाही. पण गोंधळ हा गोंधळ्यांच्या घराण्यांत चालत आलेला विधी आहे. तुळजाभवानीचे उपासक कदमराई आणि माहूरच्या रेणुकेचे रेणुराई असे त्यांच्यात दोन भाग आहेत. मंचावरच्या लोकसंगीताच्या कार्यक्रमात खुशाल संबळ वाजवा. कोणाच्या घरी कुळाचार असेल आणि ‘गोंधळी मिळंना, तुम्हीच या’ असा फोन आला, तर ओळखीच्या गोंधळ्यांचा नंबर द्या आणि बाजूला व्हा.

२. वही करा आणि तिच्यात पंचांग उतरवा

मोबाईलवर कॅलेंडर आहे, तरी कागदाची वही हवीच. ती घरात राहते आणि तुम्ही स्टेजवर असताना आलेला फोन घरातल्या कोणी उचलला तर त्यांना ती बघून उत्तर देता येतं. तारखेपुढं गाव, तालुका, फोन, कोणी ठरवलं, किती ठरलं आणि विसार किती आला, एवढं लिहायचं.

माझ्या तिसऱ्या वर्षाची गोष्ट. हनुमान जयंतीची एक तारीख मी लग्नपत्रिकेच्या मागं लिहिली, पत्रिका सदऱ्यात, सदरा धुण्यात. त्याच दिवसाची दुसरी तारीख घेऊन बसलो. आदल्या संध्याकाळी दोन्हीकडून फोन आला तेव्हा माझ्या हातातला घास हातातच राहिला. एका ठिकाणी एका नवशिक्या पोराला पाठवलं, तो हरिपाठातच गडबडला. त्या गावानं मला परत कधी बोलावलं नाही, आणि गाव माझ्या मावशीचं आहे.

आता वर्ष कसं जातं ते बघा. कार्तिकात तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई उघडते. कार्तिकी पौर्णिमेला बीडकडच्या कपिलधारला मन्मथस्वामींची यात्रा असते. लातूर-नांदेडकडून दिंड्या चालत जातात आणि त्यांना मृदंगवाला लागतो. मार्गशीर्षात चंपाषष्ठीच्या आसपास जागरणं, महिना संपता संपता लोहा तालुक्यातली माळेगावची खंडोबाची यात्रा. फेब्रुवारीत परभणीचा उरूस, कव्वालीवाल्या ढोलकियांची ती पंढरी. फाल्गुन वद्य षष्ठीला पैठणची नाथषष्ठी. चैत्रात रामनवमी, हनुमान जयंती आणि पौर्णिमेला येरमाळ्याची येडेश्वरीची यात्रा. मग जयंतीचे कार्यक्रम आणि लग्नं एकमेकांच्या अंगावर येतात. आषाढात वारी. श्रावणात पुन्हा सप्ताह, मग गणपती, मग नवरात्र. दिवाळीचे पंधरा दिवस मात्र माशा मारायच्या.

यात दोन गोष्टी नवख्याच्या लक्षात येत नाहीत. पहिली अधिक महिन्याची. धोंड्याच्या महिन्यात लग्नं बंद आणि सप्ताह जोरात. २०२३ ला अधिक श्रावण होता, त्यानं लग्नवाल्यांचं फार बिघडलं नाही, कारण चातुर्मासात लग्नं तशीही नसतात. २०२६ चा अधिक महिना ज्येष्ठात, १७ मे ते १५ जून. म्हणजे ऐन लग्नसराईला कात्री. ज्याचं पोट ऑर्केस्ट्रावर आहे त्यानं अशा वर्षी आधीच एखाद्या भजनी मंडळाशी बोलून ठेवावं.

दुसरी गोष्ट शेताची. आमच्याकडं वर्गणी सोयाबीनच्या पोत्यातून आणि उसाच्या बिलातून येते. पावसानं दगा दिला तरी सात दिवसांचा सप्ताह होतोच, पण नावाजलेले महाराज कमी होतात आणि वादकांत ‘गावातलीच पोरं घेऊ’ सुरू होतं. बीडच्या डोंगरपट्ट्यात दसरा-दिवाळीनंतर निम्मं गाव ऊसतोडीला जातं. तिथले मोठे कार्यक्रम लोक परत आल्यावर, उन्हाळ्यात. हे ठाऊक नसलेला माझा एक मित्र तिकडच्या गावांत डिसेंबरात आपला नाव-पत्ता वाटत फिरला होता. घरोघरी म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं. चहा मात्र सगळीकडं मिळाला म्हणे.

३. वाद्य आणि पट्टी

पहिला फोन आला की तारखेनंतर लगेच विचारायचं, ‘गाणारे कोण, आणि पट्टी कोणती?’ पट्टी म्हणजे गायक पेटीची जी काळी-पांढरी सुरी ‘सा’ धरून गातो ती. आयोजकाला पट्टी कळत नाही. गायकाचा नंबर घ्या, त्यालाच विचारा. नवखे इथंच फसतात.

तबल्याचा दायाँ (उजव्या हाताचा तबला) एका पट्टीचा असतो, सगळ्या पट्ट्यांचा नसतो. साडेपाच इंचाच्या तोंडाचा तबला काळी एकला छान बोलतो. पांढरी चारला लावायचा तर पाच इंचाच्या आसपासचा हवा. हातोडीनं ठोकून एखादी पट्टी वरखाली होते. त्यापुढं ओढलं की एक तर पुडी फाटते किंवा आवाज पत्र्यासारखा येतो. ऐपत असेल तेव्हा दोन दाये करा. नसेल तेव्हा ही युक्ती: बाई काळी चारला गाणार असतील आणि तुमच्याकडं काळी एकचाच तबला असेल, तर घाबरू नका. काळी चारचा मध्यम म्हणजे काळी एक. चालीला मध्यम खटकत नसेल तर षड्जाऐवजी (‘सा’ऐवजी) मध्यमाला (‘म’ला) लावून कार्यक्रम निभावतो. मात्र गायिकेला आधी सांगा. न सांगता लावला की पहिल्याच आलापाला त्या मागं वळून बघतात.

लावायची पद्धत सगळ्यांना शिकवलेली असते, घाईत कोणी पाळत नाही. मोठा फरक गट्ट्यांनी (वाद्यांखालच्या लाकडी ठोकळ्यांनी) काढायचा, बारीक फरक गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या विणलेल्या कड्यावर). गजऱ्यावर वरून ठोका मारला की सूर चढतो, खालून मारला की उतरतो. गजऱ्याभोवती सोळा घरं असतात; एक घर लावलं की त्याच्या शेजारचं नाही, बरोबर समोरचं लावायचं, म्हणजे पुडी एकीकडं ओढली जात नाही. आणि हे पेटीच्या सुराला लावायचं, मोबाईलच्या तानपुऱ्याला नाही. पेटी जुनी असेल तर ती स्वतःच थोडी उतरलेली असते, आणि रात्रभर तुम्हाला तिच्याबरोबर संसार करायचाय.

मंडपात हवामान बदलतं ते विसरू नका. मेमध्ये परभणी-नांदेडकडं पारा ४२-४३ च्या पुढं जातो. गाडीच्या डिकीत ठेवलेला चढ्या सुराचा तबला दुपारी आपोआप आणखी चढतो आणि एखाद वेळी फटकन कडेच्या चाटेवर फाटतो. म्हणून कार्यक्रम संपला की गट्टे उतरवून ठेवा. थंडीत उलटं. डिसेंबरात उघड्या मंडपात रात्री दहानंतर दव पडायला लागतं, कातडं ओल पितं आणि सूर खाली बसतो. मी हॅलोजनच्या खांबाजवळ जागा मागून घेतो. दिव्याच्या उबेनं पुडी कोरडी राहते आणि बोटंही आखडत नाहीत. किडे तोंडात जातात, तेवढं सोसायचं.

पखवाजवाल्यांसाठी: डाव्या पुडीला लावायची कणीक घरून नेऊ नका, तिथं स्वयंपाक चाललेलाच असतो. एखाद्या मावशींना ‘माऊली, मुठभर कणीक द्या’ म्हटलं की मिळते. ती घट्ट मळून मधोमध लावा, हळूहळू पाणी देत आवाज खोल आणा. आणि कार्यक्रम झाल्यावर कितीही झोप आली तरी ती काढून, ओल्या फडक्यानं पुसून, मगच मृदंग खोळीत घाला. कणीक लावून ठेवलेला मृदंग म्हणजे उंदरांना आवतण. माझी एक पुडी अशी गेली. सकाळी बघतो तर मधोमध चांगलं रुपयाएवढं भोक.

पिशवीत कायम असावं ते: हातोडी, एखाद-दोन जादा वाद्या (पुडी ओढून धरणारे कातडी पट्टे), पावडर, चिकटपट्टी, टॉर्च, स्वतःच्या मापाची चुंबळ. पुडी बदलायला जिल्ह्याच्या गावी कारागीर मिळतात, मृदंगासाठी पुष्कळजण पंढरपूर गाठतात. सप्ताहाच्या हंगामात त्यांच्याकडं रांग लागते, म्हणून दुरुस्ती दिवाळीच्या मोकळ्या दिवसांत उरकावी.

४. पैसे बोलायला शिका

हे अवघड आहे, कारण आपल्याकडं देवाच्या कामात पैसे काढणं वाईट दिसतं असं सगळेच समजतात. साऊंडवाला समजत नाही, मंडपवाला समजत नाही, आचारी तर मुळीच नाही. वादकानंच का समजावं?

फोनवर तारीख पक्की करतानाच बोलायचं. शब्द गोड ठेवा पण आकडा सांगा. ‘तुमच्या मनाला येईल ते द्या’ हे वाक्य पहिल्या दिवसापासून बंद. ज्यांच्या मनाला बरंच काही येतं अशी माणसं मला थोडी भेटली.

आकडा काढायचा कसा? समजा जाऊन-येऊन १२० किलोमीटर आहे आणि पेट्रोलला २५० रुपये लागतात. रात्र जाते, म्हणजे दुसऱ्या दिवशीची सकाळही जाते. त्या सकाळी क्लास असेल तर तो बुडाला. पुड्या वर्षाला किती जातात ते बघून त्याचा एका कार्यक्रमावर येणारा वाटा धरा. हे सगळं वजा करून हातात जे राहायला हवं, ते गावातल्या रोजगाऱ्याच्या दिवसाच्या मजुरीपेक्षा जास्त असलं पाहिजे. नसेल तर तुम्ही वाजवत नाही, वर्गणी देताय. वर्गणी द्यायलाही माझी हरकत नाही. आमच्या गावच्या सप्ताहाला मी एक रुपया घेत नाही. पण ती आपण ठरवून दिलेली असावी.

विसार घ्या. थोडा का होईना, फोन-पेवर घ्या, म्हणजे तारखेसकट नोंद राहते. विसार न देता ‘तुमचंच नाव टाकलंय पत्रिकेत’ म्हणणाऱ्यांची तारीख वहीत पेन्सिलनं लिहायची. उरलेले पैसे कधी, तेही तेव्हाच बोला. ऑर्केस्ट्रात स्टेजवर चढण्याआधी. सप्ताहात काल्याच्या आदल्या रात्री. काला झाला की मंडप सुटतो, पंगती उठतात, खजिनदाराचा फोन बंद होतो. ‘सोयाबीन विकलं की पोचवतो’ हेही ऐकायला मिळेल. त्यात लबाडी असतेच असं नाही. खरंच पैसे नसतात. अशा वेळी तारीख लिहून घ्या आणि त्या तारखेला फोन करा. एकदाच करा, भांडू नका, पुढच्या वर्षी मात्र पूर्ण विसाराशिवाय जाऊ नका. एका पार्टीनं माझे तीन रात्रींचे पैसे बुडवले तेव्हा मी खूप आरडाओरडा केला होता. पैसे आले नाहीत ते नाहीतच, उलट ‘मास्तर भांडखोर हाय’ असं चार गावांत झालं.

आता बक्षिसाचं. भीमगीतांत, कव्वालीत, भजनाच्या सामन्यात लोक उठून नोटा देतात. निवेदक गाणं मध्येच थांबवून सांगतो, ‘अमक्या-अमक्यांकडून आपल्या पार्टीला एकशे एक रुपये.’ त्या अर्ध्या मिनिटात गायक पाणी पितो, कीबोर्डवाला नोट घेतो, आणि ठेका मात्र तुम्हाला चालूच ठेवायचा असतो. हलका, माईकपासून जरा मागं, पण चालू. गायक परत आला की त्याला सम (तालाची पहिली मात्रा) हातात ठेवल्यासारखी मिळाली पाहिजे. ज्याला हे जमतं त्याला पार्टीवाले सोडत नाहीत. ते पैसे कोणाचे, हे मात्र आधी ठरवा. काही पार्ट्यांत सगळं मालकाचं, काहींत सारखी वाटणी, काहींत ज्याच्या हातात दिलं त्याचं. तिन्ही पद्धती चालतात. भांडणं होतात ती न ठरवल्यामुळं.

रात्रीच्या वेळेचंही पैशाशी नातं आहे. २००० सालच्या केंद्राच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणं रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद. वर्षातले ठरावीक, जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. गावात साडेदहाला जमादार आले आणि कार्यक्रम गुंडाळला, तर ‘अर्धाच झाला, अर्धेच घ्या’ असं म्हणणारे निघतात. परवानगी आयोजकाचं काम. कार्यक्रम बंद पडला तरी पैसे पूर्ण, हे आधीच बोलून ठेवा.

५. कार्यक्रमाच्या दिवशी

दोन तास आधी पोचा. ‘कवा आलाव मास्तर?’ असं विचारणाऱ्याला ‘आत्ताच’ म्हणायचं, पण तोवर तबला लावून झालेला असावा.

सगळ्यात आधी साऊंडवाल्याला भेटा. त्याला ‘दादा’ म्हणा, त्याच्याबरोबर चहा घ्या. तुमचा आवाज गावाला कसा जातो हे त्याच्या बोटात आहे. डग्ग्याला (डाव्या हाताच्या तबल्याला) वेगळा माईक मिळाला तर ठीक, नाही तर एकच माईक दोन्हींच्या मध्ये, दायाँकडं जरा झुकवून. मॉनिटर (वादकाला ऐकू येण्यासाठीचा स्पीकर) तुमच्या समोर हवा, शेजारी नको. माईक शिट्टी मारायला लागला तर जागचे हलू नका, त्याला खूण करा.

कीबोर्ड-ऑक्टोपॅडवाल्यांनी हे लक्षात ठेवावं. घुंई असा आवाज येत असेल तर बहुतेक वेळा तुमचं वाद्य एका बोर्डवर आणि मिक्सर दुसऱ्या बोर्डवर असतो. सगळं एकाच बोर्डवर घ्या. घुंई घालवायला थ्री-पिनची अर्थिंगची पिन काढून टाकणारे बहाद्दर आहेत. ओल्या मंडपात, लोखंडी स्टेजवर हे करू नका. जनरेटर चालू होताना आणि लाईट परत येताना ॲडॉप्टर जळतात, म्हणून त्या मिनिटाला स्विच बंद ठेवा. जादा ॲडॉप्टर पिशवीत हवाच. रात्री अकराला खेड्यात तो कुठून आणणार?

संचात गायिका असतील तर कपडे बदलायला कडीचं दार असलेली खोली आणि स्वच्छतागृह आहे का, हे कोणी तरी आधी फोनवर विचारायला हवं. बहुतेक वेळा कोणी विचारत नाही. तुम्ही विचारा.

माणसांशी बोलताना: कीर्तनकारांना ‘महाराज’, पेटीवाल्यांना ‘पेटीमास्तर’ किंवा ‘गुरुजी’, वयानं लहान असले तरी. स्टेजवर एखाद्याची लय चुकली तर त्याच्याकडं बघून हसू नका, लोकांना कळतं. खाली उतरल्यावरही चारचौघांत काढू नका.

६. रस्ता आणि अंग

कार्यक्रम दोनला संपतो आणि प्रत्येकाला घर आठवतं. राहा. मंदिरात, शाळेच्या ओट्यावर, कुठंही पडा आणि पहाटेची पहिली एसटी धरा. उसाच्या ट्रॉल्या मागं लाल दिवा न लावता रस्त्यानं चालतात आणि तुमच्या डोळ्यावर झापड असते. मोटारसायकलवर जायचंच असेल तर दोघं जा.

एसटीत तबला मांडीवर घ्या, वरच्या फळीवर नको. बोटांना थंडीत भेगा पडतात. रात्री खोबरेल तेल लावा, पण वाजवायच्या आधी नाही, पुडीवरच्या काळ्या शाईला तेल लागलं की ती खराब होते. मोठ्या स्पीकरच्या भिंतीपुढं बसायची वेळ आली तर कानात कापूस. आणि दारू. कार्यक्रमानंतर ‘घ्या मास्तर थोडी’ म्हणणारा प्रत्येक गावात असतो. मी कोणाला उपदेश करत नाही. फक्त इतकंच बघितलंय, की ‘घेतो’ असं एकदा गावात झालं की सप्ताहाच्या तारखा कायमच्या जातात.

७. रिकामे महिने आणि कागद

नुसत्या कार्यक्रमांवर घर चालवणारे आमच्या तालुक्यात हाताच्या बोटांवर मोजावेत. बाकीच्यांचा शेतीचा तुकडा आहे, दुकान आहे किंवा क्लास आहे. त्यातला क्लास सगळ्यात सरळ. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशा चढत जातात. तुमचं विशारद झालं असेल तर पालक विश्वासानं मुलं पाठवतात. दहावीला संगीत परीक्षांचे वाढीव गुण मिळायला लागल्यापासून आठवी-नववीची गर्दी वाढलीय. यातली बरीच मुलं गुणांसाठी येतात आणि परीक्षा झाली की जातात. दहातला एक राहतो, आणि चार-पाच वर्षांनी तुम्ही अडचणीत असताना बदली म्हणून उभा राहतो तोच.

बदलीचा विषय निघालाच तर: स्वतःला जाता येणार नसेल तेव्हा आयोजकाला आधी सांगून, आपल्या इतकाच किंवा आपल्याहून बरा माणूस द्या. पैसे पूर्ण त्याचे. मधे कमिशन खाणाऱ्याला पुढं कोणी बदली मिळत नाही.

सरकारी महोत्सवांत वाजवलंत तर मानधन खात्यावर येतं; पॅन, बँकेचं पासबुक आणि नावातली स्पेलिंगं जुळती ठेवा. आणि आज पंचविशीत असलात तरी एक फाइल करा. राज्य सरकारची ज्येष्ठ कलावंतांसाठी मानधन योजना आहे, पन्नाशीनंतर अर्ज करता येतो, महिना ५,००० रुपये मिळतात. तिथं विचारतात की इतकी वर्षं कला केली याचा पुरावा काय. आमच्या भागातले किती तरी जुने मृदंगी आणि शाहीर इथं अडकले. आयुष्यभर वाजवलं, जवळ कागद एक नाही. सप्ताहाच्या पत्रिका, वर्तमानपत्रातली कात्रणं, स्मृतिचिन्हासोबतचे फोटो, सरपंचाच्या सहीचं पत्र, जे मिळेल ते तारखेप्रमाणं लावत जा.

माझ्या फाइलीत सगळ्यात वर एक पिवळी पडलेली पत्रिका आहे, माझ्या पहिल्या सप्ताहाची. तिच्यात गाव बरोबर, तिथी बरोबर, महाराजांची नावं बरोबर. मृदंगाच्या पुढं मात्र माझं नाव नाही, चुलत भावाचं आहे, कारण कमिटीला दोघांतला फरक माहीत नव्हता. तो आयुष्यात कधी टाळसुद्धा वाजवलेला नाही. तेव्हापासून पत्रिका छापायला जायच्या आधी मी आपलं नाव, वडिलांच्या नावासकट, व्हॉट्सॲपवर लिहून पाठवतो आणि छापलेली पत्रिका हातात आली की सगळ्यात आधी तीच ओळ बघतो.